सायलीच्या पुढील शिक्षणाविषयी

मँचेस्टर
दि. २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र पोचले. सायली बी.कॉम. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि पुढच्या सप्टेंबरात तिला इकडे पाठवण्याचा तुमचा विचार आहे, हे वाचून आनंद झाला. मात्र कॉलेज रोडवरील सल्लागाराने तिला थेट एमबीएला घालण्याचे सुचवले आहे, ते मला पटलेले नाही.

आपल्याकडे सीईटी देऊन पदवीनंतर लगेच एमबीएला जाण्याची पद्धत आहे. इकडे तसे नाही. १९६३ च्या फ्रँक्स अहवालाने लंडन आणि मँचेस्टर येथे व्यवस्थापनाची दोन उच्च विद्यालये काढण्याची शिफारस केली, तेव्हापासून इथे हे शिक्षण रुजत गेले, आणि आजही चांगल्या संस्थेतील एमबीएच्या वर्गात नोकरी करून आलेली माणसेच बसतात. एमबीए अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एएमबीए (AMBA) या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाला तर प्रवेशासाठी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. वर्गातली निम्मी चर्चा स्वतःच्या अनुभवावर चालते, त्यामुळे बावीस वर्षांच्या मुलीला अनुभवाशिवाय एमबीएला घेणारी संस्था भेटली, तर तिने तिला का घेतले याची आधी चौकशी करावी.

सायलीसाठी एमएससीचे अभ्यासक्रम आहेत, तेही सगळे सारखे नव्हेत. एमएससी मॅनेजमेंट कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते, बी.कॉम. झालेल्या मुलीला त्यातला बराच भाग पुन्हा वाचल्यासारखा वाटेल. लेखाशास्त्राकडे कल असेल तर एमएससी अकाउंटिंग अँड फायनान्स बरे, कारण काही विद्यापीठांतून ते केल्यास एसीसीए या इथल्या लेखापाल-परीक्षेच्या काही पेपरांतून सूट मिळते. निव्वळ एमएससी फायनान्स मात्र नावावरून वाटते त्याहून पुष्कळ गणिती असते. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या, गुंतवणूक कशी विभागावी हे सांगणाऱ्या पोर्टफोलिओ सिद्धांतापासून ते ठरलेल्या दराने खरेदी-विक्रीच्या हक्काची (ऑप्शनची) किंमत काढणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक–शोल्स सूत्रापर्यंत सारे सांख्यिकी आणि कलनावर उभे आहे, आणि आता त्यात पायथनमधील प्रोग्रॅमिंगही आले आहे. आपल्या बी.कॉम.मध्ये यातले फारसे येत नाही. म्हणून पुढचे आठ-नऊ महिने तिने फॉर्म भरण्यापेक्षा संख्याशास्त्रावर अधिक घालवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

फायनान्सचा घरच्या शेतीशी संबंध काय, असे काकूंनी विचारले आहे. दिंडोरीची आपली द्राक्षे जानेवारी-फेब्रुवारीत कंटेनरमधून युरोपात जातात, पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी आणि युरोत येतात. तेवढ्या काळात युरो घसरला तर बागेत काही न चुकताही नफा कमी होतो. बँकेशी आधीच दर ठरवून तो धोका कसा झाकायचा, त्याची किंमत किती द्यायची, आणि कधी झाकू नये, हे फायनान्सच्या अभ्यासक्रमात शिकवतात. नाशिकच्या निर्यातदारांना याची गरज मोठी आहे, हे मला इकडे आल्यावरच ध्यानात आले.

सोयीची एक बाब म्हणजे आपली तीन वर्षांची पदवी इथे चालते, कारण इंग्लंडमधील पदवीही बहुधा तीनच वर्षांची असते. अमेरिकेत अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. शिवाय अमेरिकेतले एमबीए साधारण दोन वर्षांचे, तर इथले एमएससी एका वर्षात, उन्हाळ्यातील प्रबंधासह, आटोपते.

आता पैशांचे. फीखेरीज इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड असून तो व्हिसाच्या अर्जासोबतच भरावा लागतो. राहिलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. शैक्षणिक कर्ज घेतल्यास बँकेचे पत्र चालते. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. सायली त्याच गटात येते. त्यानंतर इथे टिकायचे तर नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठीही साधारण ३३,४०० पौंड वार्षिक पगार देणारा आणि व्हिसाची जबाबदारी घेणारा मालक मिळावा लागतो, आणि असे मालक मोजकेच. म्हणून कर्जाचा हप्ता पौंडातल्या पगारावर धरून चालू नका. नाशिक-पुण्याच्या पगारातून तो फिटेल का, हे आधी पाहा. फिटत नसेल तर तिने किमान तीन वर्षे अंबड-सातपूरच्या एखाद्या कंपनीच्या लेखा विभागात काम करावे आणि मग एमबीएचा विचार करावा. दिंडोरीची जमीन मात्र गहाण टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायलीला तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि तिला आवडलेल्या विषयांची यादी मला पाठवण्यास सांगावे. विद्यापीठांची निवड आम्ही दोघे मिळून करू. फी भरण्याआधी मात्र त्या सल्लागाराच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.

काकूंना नमस्कार, सायलीला आशीर्वाद.

तुमचा पुतण्या,
निखिल