दोनाचे चार केल्याने हा आजार जात नाही

महोदय,

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘गुप्तरोग, हमखास शक्ती’ अशी चौकट नेमाने असते. तसल्याच एका ‘वैद्या’ला मीही पैसे मोजले आहेत. लैंगिक ओढीपुढे मला स्वतःला आवरता येत नव्हते आणि त्याने दिल्या ताकदीच्या कॅप्सूल! अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पण ते असो.

मी उद्यमबागेत लेथवर आहे. रात्रपाळी सुटली की नको तिकडे पाय वळायचे, नाहीतर उजाडेपर्यंत मोबाइल. त्यात सुख नव्हतेच. स्वतःची किळस यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरच्यांनी ‘दोनाचे चार करा, येईल ताळ्यावर’ म्हणून लग्न लावले. एका मुलीला झळ बसली, एवढेच झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत हा लैंगिक आवेगावर ताबा न राहण्याचा आजार म्हणून नोंदला आहे. नुसते पाप वाटते म्हणून कोणी रोगी ठरत नाही, हेही तिथे स्पष्ट आहे.

धारवाडला ज्या समुपदेशक मॅडमकडे मी जातो, त्यांनी आधी एक वही ठेवायला लावली. ओढ लागली की त्याआधी काय घडले ते लिहायचे. वही भरत गेली तसे दिसले, की वासनेचा भाग त्यात थोडाच. सुपरवायझर ओरडला, कुणी मागून खांद्यावर हात ठेवला, की त्या रात्री हमखास. आठ-नऊ वर्षांचा असताना भाऊबंदांतला एक जण माझ्याशी जे करायचा, त्याची सुरुवात तशाच हाताने व्हायची. मॅडमनी ते लगेच उकरले नाही. पाय जमिनीला घट्ट टेकवून, समोरच्या वस्तूंची नावे घेत जीव ठिकाणावर आणायला शिकवले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग लहानपणाकडे वळलो. ओढ अजून लागते, पण आता ती येताना कळते.

अत्याचार झालेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही, आणि प्रत्येक रोग्यामागे अत्याचार असतो असेही नाही. पण मुलग्यांना असले काही होत नाही, हे खोटे आहे. केंद्राच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगेच होते.

मॅडमचे माहेर निपाणीकडचे, बोलणे मराठीत झाले, म्हणून हे जमले. कारखान्यात माझे कानडी बरे चालते, पण त्या वयातले ते सगळे कानडीत सांगणे मला जमले नसते. आधीच्या एका दवाखान्यात दुभाषा म्हणून आमच्या गल्लीतलाच कंपाउंडर बसवला होता. मी डोके दुखते असे सांगून परत आलो.

त्या चौकटीच्या जागी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फुकट क्रमांक छापा, तिथे मराठीत बोलता येते. आणि खानापूर, निपाणीच्या सरकारी दवाखान्यांत मराठी बोलणारा समुपदेशक आठवड्यातून निदान एक दिवस बसावा, यासाठी आपण लिहावे.

– एक कामगार, बेळगाव
(कृपया नाव छापू नये)