यंत्राचं पॅकेज आणि हाताचा व्यायाम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लकव्याच्या रुग्णांच्या मेंदूला चुंबकीय लहरी किंवा सौम्य वीजप्रवाह देण्याच्या उपचारांवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. माहिती चुकीची नाही, पण भर भलतीकडे आहे. यंत्रांचं वर्णन भरभरून, आणि ‘सोबत व्यायामही करावा लागतो’ हे शेवटच्या ओळीत! माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात झाली, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही यंत्रं थोतांड नव्हेत. कवटीवर कॉइल (तारेचं वेटोळं) धरून चुंबकीय स्पंदनांनी मेंदूचा हालचालीचा भाग चेतवता येतो, हे इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली दाखवलं. दुसऱ्या पद्धतीत डोक्यावर ठेवलेल्या ओल्या स्पंजांतून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. मेंदूच्या एका बाजूला इजा झाली की दुसरी, धडधाकट बाजू तिला दाबून ठेवते, तेव्हा धडधाकट बाजूला थोडं शांत करावं, असा चुंबकीय उपचारामागचा एक विचार. छोट्या अभ्यासांत आकडेही चांगले आले. मग अमेरिकेतल्या बारा केंद्रांत सुमारे दोनशे रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना खऱ्या लहरी दिल्या, काहींच्या डोक्यावर नुसता देखावा केला. व्यायाम सगळ्यांना सारखाच. दोन्ही गटांत सुमारे दोनतृतीयांश लोकांचा हात सुधारला. लहरींनी त्यात काही भर पडली नाही.

आशा वाटावी अशी एक चाचणी मात्र आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, लकवा होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेल्या १०८ रुग्णांच्या मानेतल्या व्हेगस नसेला (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूला) जोडलेलं यंत्र शस्त्रक्रियेने बसवलं. रुग्ण हात हलवायचा, त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबायचा आणि नसेला अर्धा सेकंद विजेचा धक्का मिळायचा. एकेका बैठकीत अशा तीनशेहून अधिक हालचाली. खरा धक्का मिळालेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या हातात ठळक सुधारणा झाली. यंत्र बसवून नुसता व्यायाम केलेल्यांत २४ टक्क्यांच्या. इथे यंत्राचा उपयोग झाला खरा, पण ते हालचालीच्या मागोमाग चाललं. खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला त्याने काय दिलं असतं?

त्या तीनशेपुढे दवाखान्यातलं नेहमीचं चित्र पाहा. उत्तर अमेरिकेतल्या दवाखान्यांत थेरपिस्टांच्या बैठका मोजल्या, तर लकव्याच्या हाताने कामाच्या हालचाली सरासरी ३२ झाल्याचं २००९ मध्ये आढळलं. आपल्याकडे एकेका टेबलापुढे रांग लागलेली असते, तिथे काय होत असेल ते मी वेगळं सांगायला नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांची चांगला हात बांधून ठेवण्याची पद्धत याच मुद्द्यावर उभी आहे. चांगल्या हाताला जागेपणी जवळजवळ सारा वेळ जाड मोजा, आणि अधू हाताकडून रोज कित्येक तास काम. शेंगदाणे वेचून डब्यात टाक, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लाव, बटणं लाव-काढ. २००६ मधल्या मोठ्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभराने तपासला तरी टिकलेला दिसला. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील तरच हे जमतं, हेही सांगायला हवं. आणि घाई नको: लकव्यानंतर पहिल्या चोवीस तासांत रुग्णाला वारंवार उठवून चालवण्याचा निकाल २०१५ च्या मोठ्या चाचणीत उलट वाईट आला.

आता या यंत्रांच्या बैठकांच्या पॅकेजविषयी. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत येणारी माणसं आधीच गांगरलेली असतात. आधी कुठल्या तरी गावचं तेल, मग चुंबकाच्या बैठका, आणि पैसे संपले की ‘व्यायाम घरी करा’. अशी कुटुंबं मी पुष्कळ पाहिली. आरोग्यविम्यातही मुख्यतः दवाखान्यात दाखल असतानाचा आणि फार तर त्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो, पुढच्या महिन्यांचा व्यायाम बहुतेक वेळा खिशातूनच. घरच्यांना शिकवून सोडून दिलं की झालं, असंही नाही. भारतातल्या चौदा रुग्णालयांत साडेबाराशे रुग्णांवर नेमकं हेच करून पाहिलं होतं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यात काही फरक दिसला नाही (२०१७). घरच्यांची मदत हवीच, पण शिकलेला माणूस पुन:पुन्हा भेटल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

कोणी चुंबकाचं पॅकेज सुचवलंच, तर ‘लहरींच्या लगेच आधी-नंतर व्यायाम किती वेळ, हालचाली किती आणि कोण करून घेणार?’ हे विचारावं. फिट येण्याचा इतिहास, पेसमेकर किंवा डोक्यात धातू असेल तर ते आधी सांगावं.

आपल्याला एक विनंती. यंत्रांवर पुढचा लेख छापण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, एवढी माहिती काढून छापा.

आपला,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सातारा