थारला तीन इंच लिफ्ट नको: मित्रास पत्र

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या महिंद्रा थारला तीन इंच (पंचाहत्तर मिलिमीटर) लिफ्ट करू नकोस, म्हणजे सस्पेन्शन बदलून बॉडी चाकांपासून तेवढी वर उचलू नकोस. परवा फोनवर तू हा बेत सांगितलास तेव्हा घाईत होतास म्हणून वाद घातला नाही, पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. पुण्याला येऊन गाडी गॅरेजला लावायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच. गाडी तुझी आहे हे खरं, पण हिमाचलात स्पितीला जाताना तिच्यात वहिनी आणि चिनू बसणार आहेत, त्यामुळे हक्काने सांगतोय.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, "किती इंच?" मला वाटतं, विचारायला हवं ते हे की गाडीत किती वजन घेऊन जाणार. स्प्रिंग वजनावरून निवडायची असते आणि उंची त्यातून मिळते. तुझ्या यादीवरून मी हिशेब मांडला. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. डिझेलचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे साधारण तेहतीस किलो. फ्रिज भरल्यावर तीसच्या घरात जाईल. हत्यारं, दोर, शॅकल, जॅक, फावडं, स्वयंपाकाचं सामान, अंथरूण-पांघरूण हे सगळं धरलं तर मागच्या एक्सलवर दोनशे किलोची भर सहज पडते, म्हणजे एका बाजूला शंभर. आता धरून चाल की मागची स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला साडेतीन किलो लागतात. शंभर किलोला ती अठ्ठावीस-एकोणतीस मिलिमीटर बसणार. रिकाम्या गाडीला तू पन्नास मिलिमीटर लिफ्ट मोजून घरी गेलास, तर सामान भरल्यावर हातात वीसच उरले, आणि तेही नेमके मागे, जिथे गाडी आधीच टेकलेली असते. पुढचं नाक वर, हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर अंधारी.

यावर उपाय म्हणून लोक एकदम जाड स्प्रिंग टाकतात. मग आठवडाभर रिकामी गाडी कोल्हापुरात फिरवताना प्रत्येक गतिरोधकावर मागचा भाग उडतो आणि मागे बसलेल्याची कंबर जाते. तुझी गाडी वर्षातले बहुतेक दिवस रिकामीच चालते, हे विसरू नकोस. नेहमी अंगावर असणारं वजन (रॅक, बंपर, अडकलेली गाडी ओढणारं विंच) वेगळं मांड, सहलीपुरतं चढणारं वेगळं. पहिल्याला स्प्रिंग पुरी पडली पाहिजे, आणि दुसरं चढल्यावर गाडी कंपनीच्या उंचीखाली जाता कामा नये. एवढं जमलं की काम झालं.

आता पुढच्या चाकांबद्दल, कारण तिथेच तीन इंचांचा खरा त्रास आहे. तुझ्या थारला मागे सॉलिड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, पण पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र. बॉडी वर गेली की चाकाकडे जाणारा शाफ्ट तिरका होतो आणि त्याच्या टोकाचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारा सांधा, सतत वाकलेल्या अवस्थेत फिरतो. गाडीखाली टॉर्च घेऊन झोप आणि त्या जॉइंटवरचा रबरी बूट बघ. कंपनीच्या उंचीला त्याच्या घड्या सगळीकडून सारख्या मोकळ्या दिसतात. जास्त उचललेल्या गाडीत वरच्या बाजूच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि खालच्या ताणलेल्या असतात. आमच्या ओळखीतल्या एका गाडीचा बूट असाच फाटला होता. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा पट्टा गोल उडाला होता आणि फाटक्या जागेतून आत लाल माती शिरली होती. कोथरूडमध्ये हे दिसलं तर दोन तासांचं काम. स्पितीच्या वाटेवर ग्रामफू आणि बातलच्या मध्ये दिसलं तर?

स्वस्तातला स्पेसर तर अजिबात नको. स्प्रिंगच्या डोक्यावर, म्हणजे स्प्रिंग आणि तिच्या वरच्या बैठकीच्या मध्ये, पंचवीस मिलिमीटरची ही चकती टाकली की चाकाजवळ चाळीस-पन्नासचा फरक दिसतो, म्हणून लोक खूष होतात. पण शॉकअपची (शॉक अब्जॉर्बरची) लांबी तेवढीच राहते. चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, फक्त चाक खाली लोंबायची जागा कमी होते. खड्ड्यात चाक खाली जायला हवं तेव्हा शॉकअप टक्कन अडतो, चाक हवेत राहतं आणि पकड सुटते. खडकाळ वाटेवर गाडीला पुढे नेते ती जमिनीला चिकटून राहणाऱ्या चाकांची पकड, आणि तीच आपण विकत घेतलेल्या उंचीत घालवायची? उंची वाढवायचीच तर लांब शॉकअप आणि स्प्रिंग जोडीनेच घे. कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकांच्या झुकावाचे कोन, जागेवर आणायला चाक धरणारे वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतील का, हेही आधी विचार. साधारण चाळीस मिलिमीटर लिफ्टपर्यंत अलाइनमेंट बहुधा बसते. तिथून पुढे मशीनवरचे आकडे हिरवे होईनात तर हायवेवर गाडी सरळ चालत नाही, हात सारखा स्टिअरिंगवर झुंजत राहतो.

आणि हायवेच जास्त आहे, सुहास. पुण्याहून मनालीच दोन हजार किलोमीटरच्या आसपास, तू तर त्याच्याही अलीकडून निघणार. खंबाटकीचा उतार, मग राजस्थानातले शंभरच्या वेगाचे रस्ते. धरून चाल की भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साडेसातशे मिलिमीटरवर आहे. पंचाहत्तरने उचललीस तर तो जवळजवळ दहा टक्के वर गेला. त्यात तुला टपावर तंबू हवाय. हा हिशेब करून मी स्वतः चकित झालो: एकोणीसशे किलोच्या गाडीवर दोन मीटर उंचीला साठ किलोचा तंबू ठेवला तर गुरुत्वमध्य जवळजवळ चार सेंटिमीटरने वर जातो. म्हणजे तंबू हीच दीड इंचाची लिफ्ट झाली, आणि तिच्यातून क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, शून्य वाढली. वळणात अचानक कुत्रं आडवं आलं तर या सगळ्याची बेरीज एका क्षणात समोर येते. तंबू जमिनीवर लावायचा घे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उंचीने मिळतं काय, तेही मोजून सांगतो, नाहीतर तू म्हणशील नुसती भीती घालतो. तुझ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर आहे. पन्नासने पोट वर गेलं की उंचवटा ओलांडायचा कोन चार-साडेचार अंशांनी वाढतो. हे खरंच उपयोगी आहे. पण मागच्या एक्सलच्या मधला गोळा, डिफरन्शियल, लिफ्टने केसभरही वर जात नाही, तो टायरने जातो. आता टायर २५५/६५ आर१८ आहे, त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. २५५/७० घेतलास तर ८१४. डिफरन्शियल निम्म्याने म्हणजे बारा-तेराने वर येईल. पूर्ण वळवून आणि एक चाक दगडावर चढवून टायर आत घासत नाही ना, हे मात्र आधी बघायचं. मूळ क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, तो काही थोडा नाही. पोटाखाली चांगली जाड प्लेट लावलीस तर लिफ्टच्या जादा एका इंचापेक्षा ती जास्त कामाची. ओढ्यांचं म्हणशील तर बर्फ वितळून दुपारी पाणी चढतं, सकाळी लवकर निघालं की बराचसा प्रश्न सुटतो.

कायद्याचंही बघ. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. कलम १८२-अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीकडून लेखी घे. तोंडी "चालतंय साहेब" कुणाचंही धरू नकोस.

मग माझं म्हणणं काय? रिकाम्या गाडीला पुढे पस्तीस-चाळीस, मागे पंचेचाळीस-पन्नास मिलिमीटर, म्हणजे सगळं सामान चढल्यावर पुढे-मागे कंपनीच्या उंचीपेक्षा वीसच्या आसपास जास्त आणि गाडी समतल. बस. काकूंच्या गुडघ्यांचाही विचार कर, आत्ताच त्यांना थारमध्ये चढताना हात द्यावा लागतो.

येताना सहलीचं सगळं सामान भरून आण, पाण्याचे कॅनसुद्धा भरलेले. निघण्याआधी, रिकाम्या गाडीला, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घे आणि लिहून ठेव. भरल्यावर पुन्हा घे. शनिवारी सकाळी आपण वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची चढवू आणि ते आकडे घेऊनच नाना पेठेत स्प्रिंगवाल्याकडे जाऊ. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. फिटिंग झालं की पानशेतच्या पुढच्या कच्च्या रस्त्यावर भरलेलीच गाडी चालवून बघू, आणि नट-बोल्ट पुन्हा आवळून मगच तू कोल्हापूरला परत जा.

काकूंना नमस्कार, चिनूला आशीर्वाद. वहिनींना सांग, मुक्काम आमच्याकडेच.

तुझा,
अभय