हाताला येणाऱ्या मुंग्या खड्ड्यांच्या नव्हेत, इंजिनाच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या खड्ड्यांवर आपल्या सदरात नेहमी पत्रे येतात, आणि ती रास्तच आहेत. पण सिन्नर, ओझर, दिंडोरीहून रोज मोटारसायकलने अंबड-सातपूरच्या कारखान्यांत येणाऱ्यांच्या हाताला ज्या मुंग्या येतात, त्या बहुतेक वेळा खड्ड्यांमुळे नसून इंजिनाच्या कंपनामुळे असतात. गॅरेजमध्येही हा फरक क्वचितच तपासला जातो. ‘गाडी जुनी झाली, व्हायब्रेट मारणारच’ असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवले जाते. हे चूक आहे.

खड्ड्याचा हादरा संथ असतो, तो शॉकअप पोटात घेतो. इंजिन मात्र थेट फ्रेमला आवळलेले असते आणि हँडल, फुटरेस्टही त्याच फ्रेमवर. मध्ये शॉकअप येतच नाही. क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर हाताला सेकंदाला 100 कंप बसतात. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचा धक्का क्रँकवरचे वजन साधारण निम्माच तोलते. त्याहून जास्त तोलायला गेले तर तोच धक्का आडवा बसू लागतो. उरलेला भाग उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट शमवतो. जुन्या 350 सीसी बुलेटला तो नव्हता. त्याच कंपनीच्या 2020 च्या मीटिऑर आणि 2021 च्या नव्या क्लासिक या गाड्यांना आहे, म्हणून त्यांचे हँडल इतके शांत. पिस्टनचा हा धक्का फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 4000 वरून 6000 वर गेले की सव्वादोन पट. ओढ वाढावी म्हणून दुधाचे कॅन वाहणारे काही जण पुढचे 15 दातांचे सॉकेट (चेनचे दातेरी चाक, स्प्रॉकेट) काढून 14 चे बसवतात. त्याच वेगाला फेरे सुमारे 7 टक्के वाढतात आणि धक्का जवळजवळ 15 टक्के.

दोष कुठे आहे ते अर्ध्या तासात कळते. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस करून पाहावी. रस्त्यावर ज्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) थरथर जाणवते तिथेच ती आली, तर दोष इंजिनात किंवा त्याच्या बांधणीत. इथे आली नाही, तर मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडावा. तरीही थरथर राहिली तर टायर, रिम किंवा व्हील बेअरिंग बघा. क्लच दाबताच गेली तर चेन, सॉकेट आणि मागच्या हबमधले रबर.

सगळ्यात आधी फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला आवळून धरणारे बोल्ट. एक जरी सैल असला तर इंजिन फ्रेमवर घासत राहते, भोक लांबट होते आणि पुढे ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा जातो. आवळायचीही रीत आहे. सगळे बोल्ट थोडे ढिले करून इंजिन आपल्या जागी बसू द्यायचे, सगळे हाताने लावायचे, मगच मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर इंजिन तिरके अडकते आणि कंपन उलट वाढते. नायलॉनचे लॉक नट पुन्हा वापरू नयेत. नट आणि फ्रेमवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवली की नट हलला हे नुसत्या नजरेला कळते.

इंजिनाचे काम झाल्यावर गाडी अचानक थरथरू लागली, तर कारण बहुधा बॅलन्सर गिअर. क्रँकवरच्या आणि बॅलन्सरवरच्या गिअरच्या खुणा समोरासमोर आल्याच पाहिजेत. एक दात चुकला तरी बॅलन्सर धक्का नीट शमवत नाही, आणि जास्त चुकला तर त्यात भरच घालतो. गाडी चालू होते, ॲव्हरेजही फारसे ढळत नाही, म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते. क्रँककेस बंद करण्याआधी मेकॅनिकने त्या खुणा गिऱ्हाइकाला दाखवाव्यात, निदान मोबाइलवर फोटो तरी काढून द्यावा. खर्च काहीच नाही.

चेन एकाच जागी तपासून भागत नाही, कारण ती सगळीकडे सारखी ताणत नाही. चाक फिरवत जिथे ती सर्वात घट्ट वाटेल तिथे खालच्या बाजूला मधोमध 20 ते 30 मिमी ढील ठेवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नवे ग्रिप किंवा टोकाचे आरसे बसवताना हँडलच्या टोकांची वजने काढून टाकली जातात. ती शोभेची नसतात, ती हँडलचे कंपन दाबतात. परत बसवून घ्या.

हे फक्त आरामापुरते नाही. हातात कंप पावणारी यंत्रे धरणाऱ्या कामगारांसाठी युरोपीय संघाने 2002 मध्येच मर्यादा घातली. कंपनाच्या त्वरणाने 8 तासांच्या हिशेबाने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग गाठले की उपाय सुरू करायचे आणि 5 च्या वर जायचेच नाही. सततच्या कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, आणि थंडीत हा त्रास जास्त जाणवतो. निफाडकडून डिसेंबरच्या पहाटे येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हँडल आवळून धरले की कंप हातात जास्त उतरतो, म्हणून पकड सैल ठेवावी. गाडीवरून उतरल्यावरही बोटे पांढरी पडत असतील किंवा बधिर राहत असतील, तर गॅरेज नव्हे, डॉक्टर गाठावा.

4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला सातपूर-अंबडमधल्या कंपन्यांत हेल्मेटवर भाषणे होतात. त्याच दिवशी पार्किंगमध्ये एक मेकॅनिक टॉर्क रेंच देऊन बसवावा आणि कामगारांच्या गाड्यांचे फाउंडेशन बोल्ट व चेन तपासून द्यावी, अशी उद्योजकांना विनंती आहे. आयटीआयच्या मुलांना हे काम दिले तर त्यांचाही हात बसेल.

— दुचाकी दुरुस्तीतील काही तंत्रज्ञ, अंबड, नाशिक