गूळ परत केलात, हे पत्र तरी ठेवून घ्या

आदरणीय ताई,

नव्या औषधाच्या ज्या अभ्यासात आप्पा आहेत त्याचं काम तुम्ही बघता, आणि अभ्यासातल्या पेशंटकडून काही घेता येत नाही म्हणून तुम्ही गुळाची ढेप परत पाठवलीत. आप्पा दोन दिवस फुगून बसले होते. घरच्या गुऱ्हाळाचा गूळ कोल्हापुरात कुणी नाकारतं का? म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं आणि हॉस्पिटलचं नाव घालत नाही. आप्पांची माहिती गुप्त ठेवायची असं संमतीपत्रात होतं, तेवढं आम्हीही तुमच्या बाबतीत पाळतो.

आप्पांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय, पायात पाणी साचतंय, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण नव्या औषधाच्या अभ्यासात यायचं का, असं विचारल्यावर भावकीत एकच गलका झाला. "प्रयोगाचा उंदीर व्हायला निघालाईस व्हय?" तुम्ही मात्र आप्पांना भरीस घातलं नाहीत. संमतीपत्र ओळन् ओळ वाचून दाखवलंत, वर 'घरी न्या, चार माणसांना विचारा' म्हणालात.

आप्पांनी विचारलेलं अजून आठवतं : "म्हंजी आमाला पिठाची गोळी दिणार?"

"बिनऔषधाची गोळी मिळू शकते, आप्पा. कुणाला कुठली गोळी गेली हे मलाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण तुमची चालू औषधं बंद होणार नाहीत. आणि नको वाटलं तर कधीही सोडा, उपचार आहेत तसेच राहतील."

मग तुम्ही त्यांच्याच पिशवीतली स्पायरोनोलॅक्टोनची पट्टी काढून समोर ठेवलीत. ही गोळी हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे आप्पांसारखं हृदयाचं पंपिंग कमी पडतं तेव्हा, जीव वाचवते, हे १९९९ साली छापून आलेल्या अभ्यासातून कळलं. त्यात १६६३ पेशंट होते आणि त्यातल्या ८४१ जणांना बिनऔषधाची गोळी मिळाली होती. औषध घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी दिसले, म्हणून तो अभ्यास मुदतीआधीच थांबवला. आप्पा पट्टीकडे बघत बसले. "म्हंजी त्या आठशे एक्केचाळीसांच्या जिवावर मी ही गोळी खातोय," म्हणाले आणि पेन मागितलं.

शुगर नसताना शुगरची गोळी कशाला, हा आमच्या आईचा संशयही तुम्हीच फेडलात. डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीच्या २०१९ च्या अभ्यासात ४७४४ जण होते, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह नव्हताच, तरी त्यांच्या हृदयाला फायदा झाला. आई गप्प. आमच्याकडे हे क्वचितच घडतं.

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला मात्र तुमच्यावर रुसवा झाला. आप्पा जुने तालमीतले. कॉरिडॉरमध्ये चालायचं म्हटल्यावर ईर्षेला पेटले, आणि चालता चालता तुमच्याशी गप्पा मारू लागले. तुम्ही दर मिनिटाला एक ठरलेलं वाक्य बोलायचा, बाकी अवाक्षर नाही. "बाईला लई गर्व आलाय," असं मला खालच्या कँटीनमध्ये ऐकावं लागलं. पुढच्या खेपेला तुम्ही खुलासा केलात : एकाला चढवलं आणि दुसऱ्याला नाही, तर कोण किती चाललं याची तुलनाच होणार नाही. सगळ्यांना तेच शब्द, त्याच सुरात. तेव्हापासून आप्पा तोंड मिटून चालायचे आणि दुसरा पेशंट बोलला तर त्यालाच दटावायचे.

उरलेल्या गोळ्या ट्रेमध्ये मोजताना तुम्ही सहज विचारलंत, "याशिवाय काय घेता?" गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तेव्हा बाहेर आली. आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं, औषधात धरतच नव्हतो. ती मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, हार्ट फेल्युअरमध्ये घातक ठरते, म्हणून तुम्ही लगेच डॉक्टरांना बोलावलंत. ती थांबली आणि पायावरची सूज उतरली. अभ्यासातल्या गोळीनं काय केलं ते देव जाणे, हा फायदा आमच्या डोळ्यांसमोरचा आहे.

आता आप्पा रोज सकाळी चहाच्या आधी काट्यावर उभे राहतात आणि वजन कॅलेंडरवर लिहितात. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की फोन करायचा, हे नातवालाही पाठ झालंय. खर्डा सुटलेला नाही. मीठ कमी करून करतो, आणि त्याला ते 'दवाखान्याचा खर्डा' म्हणतात.

एक विनंती आहे. अभ्यासाचा निकाल लागला की आप्पांना फोन करून मराठीत सांगा. औषध चाललं नाही असं निघालं तरी सांगा. त्यांना कुठली गोळी होती हे कळवता आलं तर तेही. पिठाचीच निघाली तर भावकीला काय सांगायचं, याची तयारी त्यांनी आत्तापासून केली आहे.

तुमची,
आप्पांची थोरली