आधी शेक, मग सुरी

दादर, मुंबई
गुरुवार, रात्री

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू भडकलास. "कॅन्सरची गाठ कळून दोन महिने झाले, अजून ऑपरेशनची तारीख नाही? मुहूर्त बघतायत का?" तेव्हा मी धर्मशाळेच्या जिन्यात उभा, येणारी-जाणारी माणसं, नीट बोलता आलं नाही. खरं सांगू, सुरुवातीला मीही हेच विचारत होतो. म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

मूळव्याध समजून आठ महिने मलम लावलं ते तुला ठाऊक आहे. गाठ मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला, गुदद्वारापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. आपल्याकडच्या डॉक्टरांनी एकदा बोट घालून तपासलं असतं तर हाताला लागली असती. जाऊ दे. जाऊ दे म्हणतो, पण जात नाही डोक्यातून.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. मधे आतड्याची नळी, तिच्याभोवती चरबीची रजई, आणि तिच्याबाहेर कमरेच्या हाडांचं कडं. "काका, पोटात वरच्या बाजूला गाठ असली तर सर्जनला हात फिरवायला जागा मिळते. इथे पुढे प्रोस्टेट, मागे माकडहाड." एमआरआयमध्ये माझी गाठ रजईच्या कडेपासून १ मिलिमीटरच्याही आत पोचलेली दिसली. शेजारच्या दोन-तीन लसीकाग्रंथीही (लिम्फ नोड) सुजलेल्या. लिव्हर, फुप्फुसं स्वच्छ. म्हणजे कॅन्सर लांब गेलेला नाही, पण जागच्या जागी हातपाय पसरलेत. अशात लगेच कापायला गेलं तर कडेला थोडं राहून जायची भीती, आणि राहिलेलं तिथंच परत उगवतं. म्हणून आधी शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन गाठ आक्रसवायची, मग सुरी.

मी म्हटलं, आधी काढून टाका आणि मग द्या की शेक. तर म्हणाल्या, पूर्वी तसंच करायचे. जर्मनीत ८०० हून जास्त पेशंटांमध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, २००४ साली निकाल आले. पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण आधी शेक घेतलेल्यांत शंभरात ६, नंतर घेतलेल्यांत १३. शिवाय ऑपरेशननंतर मोकळ्या झालेल्या जागेत लहान आतडं उतरतं आणि शेकात तेच भाजून निघतं. एवढं सांगून बाईंनी आपणहून पुस्ती जोडली, की किती लोक जगले यात मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. ही पुस्ती जोडली नसती तरी मला काय कळणार होतं? माझा त्यांच्यावर भरवसा बसला तो तिथं.

माझे एकूण २८ शेक, सोमवार ते शुक्रवार रोज एक. आज एकोणिसावा झाला. शेकाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ खाल्ल्यावर अर्ध्या तासात कॅपेसिटाबिन नावाच्या केमोच्या गोळ्या. त्यांनी गाठीवर शेक जास्त लागू पडतो. मशीनवर काही जाणवत नाही, नुसती घरघर. खरी परीक्षा त्याच्या आधी. लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणजे आतडी वर सरकतात आणि वाचतात. त्यामुळे बाटलीभर पाणी पिऊन बाकावर दाबून बसायचं. आठ-दहा जण मांडीवर मांडी टाकून गप्प. काल सोलापूरकडचे एक आजोबा म्हणाले, "शाळेत मास्तर पाणी प्यायला सोडत नव्हता, हितं पाणी पाजत्यात आन् मुतायला सोडत न्हाईत." अख्खा बाक हसला आणि दोघं उठून पळाले. त्यांची पुन्हा बाटली, पुन्हा अर्धा तास.

कमरेवर शाईच्या फुल्या आहेत, तिथं साबण लावायचा नाही. तुझी वहिनी म्हणते, बेंदराच्या बैलासारखे दिसता.

दहाव्या शेकापर्यंत मी मिशीला पीळ देत होतो. आता दिवसातून आठ-दहा वेळा कळ येते, जाऊन बसावं तर काहीच नाही. बूड भाजल्यासारखं होतं, कोमट पाण्याच्या टबात बसतो. दूध बंद, तिखट बंद. दुपारी असा थकवा येतो की चप्पल काढायचाही कंटाळा.

शेक संपले तरी त्यांचं काम आत बरेच आठवडे चालू राहतं. मधल्या काळात साधारण चार महिने केमो, मग पुन्हा एमआरआय आणि दुर्बीण. मग ठरेल. गाठ नीट आक्रसली तर शी धरून ठेवणारा स्नायू वाचेल आणि शी गोळा करायला पोटावर लावतात ती पिशवी काही महिन्यांपुरतीच राहील. काहींची गाठ तर पूर्ण विरघळते. ब्राझीलच्या साओ पावलोमधल्या आंजेलिता हाब्र-गामा नावाच्या सर्जनबाईंनी अशांचं ऑपरेशन न करता नुसती नजर ठेवायची वाट पाडली. इथल्या बाई म्हणाल्या, ती आशा खिशात ठेवा, हातात घेऊन फिरू नका. तरी रात्री मी ती काढून बघतोच.

तर तारीख नाही म्हणून माझ्या वतीनं कुणाशी भांडू नकोस. उसाच्या बिलाचं काय झालं ते बघ. शनिवारी ये, मशीन बंद असतं, निवांत बसू. येताना खर्डा आणू नकोस, वासानंच जीव जाईल.

आणि तूही दोन वर्षं मूळव्याध-मूळव्याध करत इसबगोल खातोयस. यायच्या आधी सातारला जाऊन दाखवून ये. डॉक्टरनं बोट घालून तपासलं नाही तर फी देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या