पावसाळ्यात कुत्र्यांना विषारी बेडकांपासून जपा

फिनिक्स परिसरातील सर्व सभासदांना,

१५ जूनपासून ॲरिझोनाचा मॉन्सून धरला जातो, तो ३० सप्टेंबरपर्यंत. सरी पडल्या की सोनोरन वाळवंटातले मोठे टोड बेडूक रात्री अंगणात, दिव्याखाली येतात. त्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतल्या विषाने कुत्रा दगावू शकतो. अंधार पडल्यावर कुत्र्याला पट्टा लावूनच बाहेर न्या, पाण्याचे भांडे रात्री घरात घ्या.

बेडूक तोंडात धरलाच, तर कुत्र्याचे नाक खाली करून नळीचे पाणी जबड्याच्या कडेने, मागून पुढे सोडा. घशाकडे धार मारू नका, पाणी फुप्फुसात जाते. हिरड्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, पाय लटपटतायत, तर एक मिनिटही थांबू नका.

कायद्याचेही पाहा:

- मॅरिकोपा काउंटीत (फिनिक्स याच जिल्ह्यात येते) ३ महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस आणि परवाना सक्तीचा आहे.
- रानातले वाळवंटी कासव घरी आणू नका, पाळलेले रानात सोडू नका. दोन्ही बेकायदा. हवेच असेल तर राज्याच्या गेम अँड फिश (वन्यजीव) खात्याच्या दत्तक योजनेतून घ्या.
- हावेलिना (रानडुकरासारखा प्राणी), कोयोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) यांना खाऊ घालणे इथे गुन्हा आहे. उरलेली पोळी कुंपणाबाहेर ठेवू नका.